रॅकची मधली फळी का लडबडली

ड्रिल प्रेसवर, म्हणजे भोकं पाडायच्या उभ्या मशीनवर, भोक सरळ पडतं, पण जागेवर पडेलच असं नाही. हे कळायला मला सागाची एक बाजूफळी घालवावी लागली, आणि ती गिऱ्हाइकाची होती. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो.

टेबल गुण्यात, म्हणजे भोक पाडणाऱ्या बिटाशी काटकोनात, आहे का, हे तुम्ही बघताच असं धरतो. तरी एकदा प्लग काढून चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, वाकवलेली तार धरा आणि चक हाताने फिरवा. तारेचं टोक चारही बाजूंना टेबलाला सारखंच घासलं पाहिजे. बिट ब्रॅड पॉइंटच, म्हणजे मधे टोकदार अणी असलेलंच, घ्या. लोखंडाला वापरतो ते साधं बिट सागाच्या रेघांवरून घसरतं.

आता मी फसलो ती जागा. पुस्तकांचं रॅक होतं. बाजूच्या फळ्या 900 मिमी उंच, मधली फळी 5 मिमीच्या शेल्फ पिनांवर, म्हणजे भोकात बसवून फळी पेलणाऱ्या छोट्या खिळ्यांवर. भोकं फक्त चार, प्रत्येक बाजूफळीत पुढे एक आणि मागे एक, सगळी तळापासून 450 वर. भोक कडेपासून 37 मिमीवर पडेल असा फेन्स (फळीची कड टेकवायची सरळ पट्टी) बांधला, डावीकडे स्टॉपर (फळीचं टोक अडवणारा ठोकळा) लावला आणि दहा मिनिटांत काम उरकलं. फळी ठेवली तर एक कोपरा दाबला की तिरका समोरचा वर यायचा. मोजलं. तीन भोकं 450 वर, उजव्या फळीचं पुढचं 452 वर.

कारण नीट समजून घ्या. डावी आणि उजवी फळी एकमेकींची आरशातली रूपं असतात. डावीची आतली बाजू वर ठेवून पुढची कड फेन्सला लावली की तळ डावीकडे, स्टॉपरपाशी येतो. उजवीची पुढची कड तशीच लावायला गेलात की ती फिरते आणि स्टॉपरला माथा टेकतो. मागच्या भोकांना उलट: डावीचा माथा, उजवीचा तळ. म्हणजे दोन भोकं तळापासून मोजली जातात आणि दोन माथ्यापासून. फळ्या तंतोतंत सारख्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. माझी उजवी 902 होती.

म्हणून कापल्याबरोबर प्रत्येक फळीवर खडूने ‘तळ’ आणि ‘पुढे’ लिहा. स्टॉपरला फक्त तळ टेकवायचा. त्यासाठी दोन भोकांना स्टॉपर उजवीकडे न्यावा लागतो, आणि तिथे टेपने पुन्हा मोजू नका. एक काठी कापा. ती बिटाच्या अंगाला आणि स्टॉपरला टेकवून डावीकडचं अंतर ठरवा, मग तीच काठी उजवीकडे. काठी अर्धा मिमी लहान झाली तरी चालेल, चारही भोकं सारखीच खाली येतील. दर वेळी फळी टेकवण्याआधी स्टॉपरपाशी साचलेला भुसा ब्रशने झाडा.

तयार जिग, म्हणजे भोकांच्या जागा ठरवून देणारा साचा, घेऊ का, असं नवी मुलं विचारतात. पहिलं वर्षभर घेऊ नका. जिगही कुठल्या तरी टोकाला टेकतो, आणि ते टोक कुठलं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. माझ्या मिस्त्रींनी चूक बघून एवढंच विचारलं, “कुठून मोजलंस?” हा प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर त्याच्या हाताखाली कमी पगारावरही राहा. नुसतं “असंच करायचं” म्हणणाऱ्याकडे हात बसतो, डोकं बसत नाही.

हातमोजे घालून मशीनवर उभं राहू नका. कधीच नाही. चकची किल्ली चकमध्ये सोडू नका. लांब फळीचं बाहेर आलेलं टोक टेकूवर ठेवा, फळी क्लॅम्पने आवळा.

आणि घाबरू नका. चुकलेलं भोक त्याच लाकडाची खुंटी चिकटवून बुजवता येतं. माझी ती फळी मात्र दर्शनी होती, म्हणून गेली. सरावाला भंगार प्लायच्या दोन पट्ट्या मुद्दाम 2 मिमीने लहानमोठ्या कापा, काठी लावून चारही भोकं पाडा आणि तळ जुळवून उभ्या करा. पिनांवर ठेवलेला तुकडा कुठलाही कोपरा दाबला तरी हलता कामा नये.