गळाचे जुने फ्लोट: या चुका टाळा

फ्लोट म्हणजे गळाच्या दोरीला लावायचा तरंगता तुकडा, मासा लागला की तो हलतो. इंदूरजवळच्या महूची छावणी 1818 पासूनची. तिथल्या जुन्या बंगल्यांतलं सामान निघालं की कधीमधी त्यात इंग्रजी बनावटीचे फ्लोट सापडतात: बुचाचे, पिसाच्या देठाचे, साळिंदराच्या काट्याचे, सेल्युलॉइडचे. इंदूरमध्ये ते जमवणारी नवी मंडळी वाढली याचा मला मनापासून आनंद आहे. पण यातले कितीतरी फ्लोट घरी आल्या आल्या वाया जातात, ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘नवा’ करायची घाई. आमच्या गल्लीतला एक मुलगा महूहून लाल-पिवळा, पोटात फुगीर असा सुंदर फ्लोट घेऊन आला. मी म्हटलं, धूळ पूस, रंगाला हात लावू नकोस. त्याला दम नव्हता. थिनरमध्ये कापूस बुडवून घासायला बसला. दुसऱ्या दिवशी दारात उभा, “काका, हा बोटाला चिकटतोय हो!” फ्लोट सेल्युलॉइडचा होता. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून केलेला हा माल ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतो, म्हणून थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर दोन्ही वर्ज्य. जोडाची शिवण बसून गेली होती, वरची पट्टी पोटावर ओघळली होती. तो फ्लोट परत मिळणार नाही.

ओळखायचं कसं? मी अंगठ्याने जोराने चोळतो आणि नाकाशी नेतो. कापराचा वास आला की ठरलं. तापवलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं. साफ करायला जेमतेम ओला मऊ कापड, लगेच कोरडा कापड, बस. बुचाच्या फ्लोटलाही सँडपेपर लावायचा नाही. जुना रंग आणि दोऱ्याचे वेढे हीच त्याची ओळख. ती घासून टाकली की हातात नुसतं बूच उरतं.

दुसरी चूक, जिच्यावरून मी घरोघरी बोलतो: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही माळ्यावर. इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि माळा त्याहून तापतो. जुनं सेल्युलॉइड उष्णतेनं कुजतं, त्यातून आम्लाची वाफ सुटते. डबा बंद असला की ती आतच कोंडते, फ्लोटची पितळी कडी हिरवी पडते आणि शेजारचे धड फ्लोटही खराब होतात. माझे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असतात, सेल्युलॉइडचे वेगळे, खालच्या कपाटात, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब.

फ्लोटला दोरीवर धरून ठेवणारा रबर जुना होऊन कडक झाला असेल तर तसाच ठेवू नका. सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचा तुकडा कापून लावा, छान बसतो.

साळिंदराचे काटे नव्याने विकत घेऊ नका, तो प्राणी वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. मोराचं पीस आपोआप गळलेलंच घ्या.

‘हार्डी’ किंवा ‘ऑलकॉक’ अशी गळाचं सामान करणाऱ्या जुन्या इंग्रजी कंपन्यांची नावं नुसती तोंडी सांगून कुणी चढा भाव लावला तर थांबा. बहुतेक जुन्या फ्लोटवर नाव नसतंच, ते विक्रीच्या पुठ्ठ्यावर असायचं. पुठ्ठा नसेल तर मी बिननावाच्या भावानेच घेतो.

आता पाण्यात उतरवण्याबद्दल. नवशिके थेट तलावावर जातात, फ्लोट अर्धा बाहेर उभा ठेवतात आणि मासे लागत नाहीत म्हणून कुरकुरतात. रोहूने गळाला लावलेली कणीक ओढली की एवढा वर तरंगणारा फ्लोट तिला अडवतो, रोहू कणीक सोडून देते. घरी बादलीत तरंगवून बघा आणि फक्त टोक दिसेल इतकं वजन दोरीला घाला. पाच मिनिटांचं काम, तेही लोकांना जड जातं. वजन शिशाचं नको. पाणपक्षी खडे समजून ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये याच कारणाने 1987 मध्ये लहान शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. आपले सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव तर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. टंगस्टन किंवा कथलाचे मणी वापरा, आणि गळ टाकण्याआधी तिथे परवानगी आहे का ते विचारा.

लांब फेकू नका. पिसाचा जुना देठ झटक्याने मोडतो. काठाजवळ, हात खालून आणून, हलकेच सोडा. ज्याची जोडी घरी आहे तोच फ्लोट मी पाण्यात नेतो. एकटा असेल तर खोक्यातच राहतो. परत आल्यावर रात्रभर सावलीत वाळवून मगच आत ठेवायचा, ओला कधीच नाही.