मुलांसाठी चंद्राचं पुस्तक: निवडावं कसं, वाचून दाखवावं कसं

मुखपृष्ठ रंगीत बघा, अक्षर मोठं बघा, हे सल्ले विसरा. इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तकांच्या ढिगासमोर उभे असाल तर आतली चित्रं तपासा. चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढली असेल तर पुस्तक परत ठेवा. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो, त्याच्या अलीकडे तारा येईल कुठून? संकष्टीच्या चित्रात नाजूक कोर उगवत असेल तरी तेच. संकष्टीचा चंद्र पौर्णिमा उलटून तीन-चार दिवसांचा, चांगला गुबगुबीत असतो आणि जेवणं खोळंबवून पूर्वेला उगवतो. कोर शुक्ल चतुर्थीची. ती संध्याकाळी पश्चिमेला दिसते. चांदोबा हसला, रुसला, बोलला तरी माझी हरकत नाही. हरकत आळशी चित्रांना आहे.

माहितीचं पुस्तक असेल तर त्यात २३ ऑगस्ट २०२३ला उतरलेलं चंद्रयान-३ आहे ना, तेवढं बघा. भाषा मराठी किंवा हिंदी, मुलाला सरावाची असेल ती.

आता कलांचं पान. एकीकडे सूर्य, मध्ये पृथ्वी, भोवती आठ चंद्र. याच पानावर माझी सगळ्यात जास्त दमछाक झाली आहे. चित्र अवकाशातून पाहिल्यासारखं काढलेलं असतं आणि मूल चंद्र बघतं गच्चीवरून. दोन्हींचा मेळ त्याला लागत नाही. मग मोठी माणसं 'पृथ्वीची सावली पडते' असं सांगून मोकळी होतात. साफ चूक. सावली फक्त ग्रहणात पडते.

म्हणून ते पान आधी उघडूच नका. खोलीत अंधार करा, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर एकच उघडा बल्ब लावा. थर्माकोलचा चेंडू पेन्सिलीवर खोचून मुलाच्याच हातात द्या. चकचकीत प्लास्टिकचा नको, त्यावर नुसता ठिपका चमकतो. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड केलं की चेंडूची अंधारी बाजू दिसते, ती अमावस्या. हात ताठ ठेवून हळूहळू डावीकडे वळायचं. चेंडूच्या उजव्या कडेला कोर उमटते, पाव फेरीत अर्धा चंद्र होतो, बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा.

चेंडू डोक्यापेक्षा वीतभर वर धरायचा, यात तडजोड नाही. डोक्याच्या रेषेत धरलात तर ऐन पौर्णिमेला डोक्याची सावली चेंडूवर पडते, मूल 'सावली, सावली!' ओरडतं आणि ती समजूत मग निघता निघत नाही. खऱ्या चंद्राची कक्षाही सुमारे ५ अंशांनी कललेली आहे; बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. आणि तुम्ही बाजूला उभं राहून 'बघ, कोर दिसली' म्हणू नका. तुमच्या जागेवरून ती दिसतच नाही.

हे झाल्यावर पान उघडा.

शुक्ल तृतीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी गच्चीवर एक नजर. भाद्रपदातली चतुर्थी टाळा, आजीशी वाद कशाला! पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, तोवर मुलं झोपतात. शेजारच्यांची करवा चौथ कार्तिकातली आणि आपली तीच संकष्टी अश्विनातली कशी, हे इंदुरातलं मूल विचारणारच. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, चंद्र एकच.

अंतराचं चित्र बहुतेक पुस्तकांत चुकीचंच असतं, कारण पानावर जागा नसते. पृथ्वी फुटबॉलएवढी धरली तर चंद्र टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान, आणि दोघांमध्ये साधारण साडेसहा मीटर. गच्चीवर पावलांनी मोजून दाखवा.