खोडरबराच्या चुऱ्याचं काय करायचं?

खोडून झालं की हात आपोआप चुरा झटकायला जातो. तळव्याने झटकू नका. या चुऱ्यातून काय काय बनवता येईल ते सांगणारे खूप भेटतात, पण तो कागदावरून उचलायचा कसा हे क्वचितच कुणी सांगतं. चित्र बिघडतं ते तिथेच.

माझं एक व्यक्तिचित्र असंच गेलं. कपाळावरची हलकी छटा मनासारखी जमली होती. शेजारची एक रेघ खोडली, सवयीने तळवा फिरवला आणि ती छटा थेट कानापर्यंत ओढली गेली. खोडून पाहिलं, डाग फिकट झाला पण गेला नाही. खोडलेलं सगळं ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीचं शिसं, चुऱ्याच्या कणांना चिकटलेलं असतं. तळव्याखाली ते कण चिरडतात आणि ग्राफाइट परत कागदावर घासलं जातं. त्यात हाताचं तेल आणि घाम मिसळला की ते कागदाच्या तंतूंत बसतं, मग कितीही चांगलं खोडरबर आणा. फुंकर मारणं त्याहून वाईट. थुंकीचा बारीकसा थेंब पडला तरी तेवढाच कागद फुगतो आणि तिथली छटा वेगळी दिसत राहते.

म्हणून आधी कागद उभा धरा आणि मागून बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. बराचसा चुरा आपला आपण पडतो. उरलेल्यासाठी रुंद, मऊ केसांचा, पूर्ण कोरडा ब्रश घ्या. तो दाबायचा नाही, केसांची फक्त टोकं कागदाला लागली पाहिजेत. कण वर उचलल्यासारखा छोटा फटका द्यायचा, तोही छटेच्या भागाकडून जवळच्या कोऱ्या कडेकडे. गडद छटेवरून आडवा ब्रश कधीही ओढू नका. हा ब्रश दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. त्याच्या केसांत ग्राफाइट साचतं, तेव्हा अधूनमधून साबणाने धुवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या. किंचित ओलसर ब्रशनेही मी एक कागद घालवला आहे.

टेबलावर पडलेला चुरा जाड कागदाच्या कडेने गोळा करा.

आता तो हाताळून पाहा. पांढऱ्या, मऊ विनाइल (एक प्रकारचं प्लास्टिक) खोडरबराच्या शेवयांसारख्या वळ्या पडतात आणि त्या बोटांनी मळल्या की गोळा होतो. साध्या रबराचे कण सुटेच राहतात, त्यांच्यामागे लागू नका. विनाइलचा गोळा कच्च्या रेखाटनात फार गडद झालेला भाग टिपून हलका करायला चालतो. फक्त टिपायचं, घासलंत तर डाग पडेल, कारण तो गोळा ग्राफाइटने भरलेला आहे. चांगल्या चित्राजवळ तो नेऊ नका.

चुरा वितळवून नवं खोडरबर करण्याचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. खोडरबरातलं रबर गंधकासोबत तापवून पक्कं केलेलं असतं. ही रीत चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडली. असं रबर पुन्हा वितळत नाही, नुसतं करपतं. विनाइल जास्त तापलं तर त्यातून आम्लाचा झोंबणारा धूर निघतो. ओव्हन, मायक्रोवेव्ह, मेणबत्ती, काहीही नको.

खरा उपयोगी चुरा हवा असेल तर तो कोरा करून घ्या. बोटांत धरता येणार नाही इतका लहान उरलेला, पण स्वच्छ असा खोडरबराचा तुकडा बारीक किसणीवर किसा (ही किसणी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही) आणि कीस विरळ सुती कापडात सैल बांधा. आराखडे हाताने काढले जायचे तेव्हा अशी पुरचुंडी टेबलावर असायचीच. ती कागदावर हलकेच थोपटली की कीस पसरतो आणि पट्टी, हात फिरताना लागणारी मळकटी टिपून घेतो. मऊ पेन्सिलीच्या छटेवर ती वापरू नका, छटाच पुसट होईल.

पुरचुंडी आणि मळलेला गोळा पत्र्याच्या किंवा काचेच्या डबीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला पदार्थ काही प्लास्टिकमध्ये उतरतो आणि त्यांना चिकट करतो. खोडरबर पट्टीला चिकटून बसतं ते यामुळेच.

बाकीचा चुरा कागदाच्या पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात टाका. कुंडीतल्या मातीत मिसळू नका, मोरीतही सोडू नका.