छोटा हत्ती रोज चालवता? हवा सकाळीच बघा

टाटा एस 2005 साली आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव असं रुळलं की आपल्याकडं आता कुठल्याही लहान पिकअपला तेच म्हणतात. सकाळी जालन्याच्या मोंढ्यात मोसंबी टाकायची, येताना रिकामी, संध्याकाळी घरचीच माणसं. अशा रोजच्या गाडीचं डिझेल गुपचूप खातो तो कमी हवेचा टायर.

हवा गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना बघा. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा 40 च्या पुढं जातो. दुपारी धावून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो, म्हणून आकडा जास्त दिसतो. तो बघून हवा सोडू नका! टायर गार झाला की तीच हवा कमी पडते. किती हवी ते दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिला असेल तर लोड घेण्याआधी तेवढी भरा. टायरवर तळहातही फिरवा. दोन्ही कडा गुळगुळीत आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा बरेच दिवस कमी होती.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय एक्सलरेटरवरून काढला की नव्या इंजिनात डिझेल जवळपास बंदच होतं, आणि ब्रेकही तापत नाहीत.

ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा.