बेस बनवायचाय? लाकूड शेवटी निवडा

हातानं बेस गिटार बनवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न लाकडाचा विचारतो. सागवान चालेल का, महोगनी कुठे मिळेल, शिसवी लावली तर आवाज कसा येईल. मी त्याला आधी उभं करतो आणि त्याच्या गळ्यात पट्टा अडकवतो. मी ऑर्केस्ट्रात वाजवणारा. तीन-तीन तास उभं राहून वाजवलं की वाद्य खांद्यावर कसं बसतं हे लाकडाच्या जातीआधी कळतं.

मोठा ब्राउन पेपर पसरा आणि बेस खऱ्या मापात काढा, वरून आणि बाजूनंही. पहिली ओळ मध्यरेषेची. बाकी सगळी मापं तिच्यापासून. ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) आणि पिकअप (तारेचा कंप पकडणारं चुंबक) आधी विकत आणून कागदावर ठेवा. कॅटलॉगमधल्या मापावर विसंबून खाच मारली की लाकूड जळणात जातं.

पहिला निर्णय स्केलचा, म्हणजे नटपासून (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेच्या लांबीचा. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं १९५१ साली प्रिसिजन बेस ३४ इंचांचा काढला आणि तेच माप जगभर रुळलं. पण ते काही वेदवाक्य नाही. ३४ इंचांत पहिल्या फ्रेटपासून (नेकवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्यापर्यंत जवळजवळ १३० मिमी अंतर पडतं, ३० इंचांत ११४ च्या आसपास. हा फरक किती मोठा आहे ते करंगळीला विचारा. माझ्या भाचीचा हात लहान, म्हणून तिच्यासाठी ३२ इंच धरले. स्केल कमी केलं की तीच तार त्याच सुरात सैल लागते, सगळ्यात जाड ई तार थोडी ढिली वाटते. तिला ती आवडली. पाच तारांचा बेस हवा असेल तर मात्र ३४ च्या खाली उतरू नका. खालच्या बी तारेला, म्हणजे ३१ हर्ट्झला, ताण हवा.

फ्रेटचं गणित सोपं आहे. स्केलला १७.८१७ नं भागा, पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं. ३२ इंच म्हणजे ८१२.८ मिमी, तर पहिला फ्रेट ४५.६२ वर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भाग, असं शेवटपर्यंत. खुणा करताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा, स्टीलची पट्टी न उचलता. मागच्या फ्रेटपासून मोजत गेलात तर केसाएवढी चूक विसाव्या फ्रेटपर्यंत कानाला टोचेल एवढी होते. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ४०६.४ ला आला नाही तर कागद बदला.

ब्रिज बसवताना सगळ्यात बारीक जी तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा सरकता टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे आणून स्केलच्या रेषेवर धरा. जाड तारांना काही मिमी जास्त लांबी लागते, म्हणून मागे सरकायला जागा राहिली पाहिजे. तारांमधलं अंतर ब्रिजवर १९ मिमी ठेवलं की बोटांनी वाजवणाऱ्याला मोकळं वाटतं. नटची रुंदी आवडीची: फेंडरच्याच जॅझ बेसची ३८ मिमी, जुन्या प्रिसिजनची ४४ च्या आसपास.

आता तोल. बेसचं डोकं खाली पडतं ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिचं मूळ चित्रातच असतं. बॉडीच्या वरच्या शिंगाचं टोक, जिथे पट्ट्याचं बटण येतं, ते निदान बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत न्या. शिंग आखूड आणि ट्यूनर जड असतील तर डावा हात वाजवण्याऐवजी नेक उचलून धरतो. हलके ट्यूनर घ्या, हेडस्टॉक, म्हणजे ट्यूनर बसतात ते डोकं, लहान करा. नेड स्टाइनबर्गर या बेस बनवणाऱ्यानं हेडस्टॉकच काढून टाकला तो उगाच नव्हे. १२ मिमी प्लायमधून बाह्याकृती कापून, तिच्यावर एखादा जुना नेक क्लॅम्पनं धरून, पट्टा लावून बघा. सुंदर दिसणारी निम्मी चित्रं इथेच बाद होतात.

बाजूचं चित्र लोक टाळतात. नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, २५ मिमी आणि बॉडीतली खाच १६ मिमी धरली तर फिंगरबोर्ड (फ्रेट बसतात ती नेकवरची फळी) बॉडीच्या ९ मिमी वर येतो. त्यावर फ्रेट आणि तारेची उंची मिळवा. एवढ्या उंचीवर ब्रिजची सॅडलं मधोमध राहतात का ते पाहा. राहत नसतील तर खाचेची खोली बदला, स्क्रू नाही.

पिकअप ब्रिजकडे सरकवला की आवाज टणक होतो, नेककडे नेला की गोलाई येते. भाचीला एकच पिकअप पुरला. १९५७ नंतरच्या प्रिसिजनसारखा दोन तुकड्यांचा असेल तर त्यांची उलटसुलट जोडणी विजेची घरघर घालवते. आवाज-टोन फिरवायला २५० के चे पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पोकळीत तांब्याची पट्टी, बस.

लाकडाची पाळी आता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मी फळी आधी उचलून बघतो आणि हलकी, नीट वाळलेली निवडतो. तयार बेस चार किलोच्या आत बसवायचा असतो. सागवान बॉडीला उत्तम, पण तेलकट. ग्लू लावण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनचं फडकं फिरवा. फिंगरबोर्डला शिसवी. नेक एका तुकड्याचा नको. उभ्या रेषांच्या तीन पट्ट्या, मधली उलटी फिरवून, चिकटवा.

चार तारा मिळून नेकवर ७०-८० किलोंचा ताण देतात, तेव्हा नेकच्या आत दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी धातूची सळई, घाला आणि ती फिरवायचा स्क्रू हेडस्टॉककडे ठेवा. तो बॉडीकडे लपवला की प्रत्येक वेळी नेक काढा. तारा चढवल्यावर तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधल्या फ्रेटवर ०.३ मिमी फट ठेवा. पुण्यात मे महिन्यात जमवलेली ही फट पावसाळा लागला की बदलते, म्हणून ॲलन की गिटारच्या बॅगेतच टाकून ठेवा.