एक अ‍ॅप, दोन स्टोअर: प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवर आपलं अ‍ॅप कसं आणावं

अ‍ॅप करायचं ठरलं की बहुतेक जण थेट कोड लिहायला बसतात. घोडं अडतं ते मात्र शेवटी, स्टोअरला पाठवताना. म्हणून इथे क्रम असा लावला आहे: जे नंतर बदलता येत नाही आणि ज्याला वेळ लागतो, ते आधी. उदाहरणाला एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचं अ‍ॅप घेऊ. त्यात पुस्तकांची यादी, शोध आणि सभासदाला पुस्तक परत करायची तारीख एवढंच आहे.

१. खातं उघडा, शक्यतो संस्थेच्या नावानं

गूगल प्ले कन्सोलसाठी २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. अ‍ॅपलच्या डेव्हलपर प्रोग्रामला दर वर्षी ९९ डॉलर. संस्थेच्या खात्यासाठी दोन्हीकडे डन्स क्रमांक (डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी संस्थांना देते तो ओळख क्रमांक) लागतो, तो आधीच मिळवून ठेवा. अ‍ॅप करणारा माणूस उद्या दुसरीकडे गेला तरी अ‍ॅप वाचनालयाकडेच राहायला हवं, त्यामुळे ही खटपट करण्यासारखी आहे.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर प्लेवर वैयक्तिक खातं उघडलं असेल, तर आणखी एक अट आहे: किमान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस बंद (म्हणजे निवडक लोकांपुरत्या) चाचणीत सहभागी असलं पाहिजे. त्यानंतरच अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. अ‍ॅप जेमतेम चालू लागलं की लगेच ही चाचणी सुरू करा. नेहमी येणारे सभासद याला उत्तम.

२. पॅकेजचं नाव आणि किल्ली

पॅकेजचं नाव म्हणजे अ‍ॅपची कायमची ओळख. एकदा चढवलं की दोन्ही स्टोअरमध्ये ते बदलत नाही. आपल्या संकेतस्थळाचा पत्ता उलट्या क्रमानं लिहून ते तयार करायची पद्धत आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये आपोआप येणारं ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ तसंच राहिलं, तर प्ले ते स्वीकारत नाही.

अँड्रॉइडसाठी अपलोड किल्लीची (चढवलेली आवृत्ती तुमचीच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची) फाइल आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. किल्ली हरवली तर गूगलकडे विनंती करून नवी लावता येते, पण तोवर सुधारित आवृत्ती चढवता येत नाही.

३. बांधणी

असं साधं अ‍ॅप दोनदा लिहिण्यात अर्थ नाही. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्या. एकाच कोडवरून दोन्हीकडचं काम भागतं. नव्या अँड्रॉइड अ‍ॅपसाठी प्लेला एपीके (फोनवर थेट बसवायची फाइल) चालत नाही, अ‍ॅप बंडल लागतं (त्यावरून प्ले प्रत्येक फोनसाठी फाइल बनवतं). आयफोनच्या बांधणीला अ‍ॅपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर हवं आणि ते फक्त मॅकवर चालतं. मॅक नसेल तर भाड्यानं मिळणारी क्लाउड बिल्ड सेवा वापरा.

४. मराठी मजकूर नीट तपासा

इथे घाई करू नका. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरवली, की ‘कीर्ती’मधली वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, ‘कृ’चा ऋकार खालून. उंची ठरावीक न ठेवता मजकुराप्रमाणे वाढू द्या. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून प्रत्येक पडदा पाहा. वाचनालयात ज्येष्ठ सभासद बरेच असतात.

शोधात आणखी एक अडचण येते. ‘ॲटलास’मधलं पहिलं अक्षर संगणकात दोन-तीन प्रकारे साठवलं जातं: कुठे एकच चिन्ह, कुठे ‘अ’ला वर चंद्र जोडून. ‘पुऱ्या’तल्या अर्ध्या ‘र’चंही तेच. यादी एका पद्धतीनं टाइप केलेली आणि सभासदाचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा असला, तर पुस्तक कपाटात असून अ‍ॅप ‘सापडलं नाही’ म्हणतं. यादी आणि शोधशब्द दोन्ही एकाच रूपात आणून मगच जुळवा.

५. स्टोअरची पानं

दोन्हीकडे अ‍ॅपचं नाव ३० अक्षरांत बसवायचं. प्लेला ५१२ पिक्सेलचं चौकोनी आयकॉन, १०२४ बाय ५०० चं चित्र आणि ८० अक्षरांचं छोटं वर्णन लागतं. प्लेवरचं वर्णन मराठीतही देता येतं, जरूर द्या. गोपनीयता धोरणाची लिंक दोघांनाही हवी. कोणती माहिती गोळा करता, हे फॉर्ममध्ये खरं लिहा. सभासदाचा फोन नंबर घेत असाल तर तोही त्यात आला.

६. अ‍ॅपलची तपासणी

आधी टेस्टफ्लाइटवर (अ‍ॅपलची चाचणीची सोय) आयफोनवाल्या सभासदांना द्या. तिथली प्रत ९० दिवस चालते. मग तपासणीला पाठवताना चाचणीचं लॉगिन न विसरता द्या, नाहीतर तपासणाऱ्याला आतलं काहीच दिसत नाही. अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल, तर ते तिथूनच काढून टाकायची सोयही द्यावी लागते. नुसतं संकेतस्थळ अ‍ॅपच्या चौकटीत बसवलेलं असेल तर बहुधा नकार येतो. नकाराच्या पत्रात कोणता नियम मोडला त्याचा क्रमांक असतो. तो वाचून तेवढंच दुरुस्त करा आणि तिथेच उत्तर लिहा.

७. प्रकाशन

पहिली आवृत्ती खुली झाली की पुढच्या सुधारणा प्लेवर आधी थोड्या टक्के लोकांनाच द्या. अ‍ॅपलकडेही सात दिवसांत टप्प्याटप्प्यानं देण्याची सोय आहे. एखाद्या जुन्या फोनवर अ‍ॅप बंद पडत असेल, तर प्ले कन्सोलच्या अँड्रॉइड व्हायटल्समध्ये ते दिसतं. तसं दिसलं की वितरण तिथेच थांबवा आणि व्हर्जन कोड (आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) वाढवून दुरुस्त बंडल चढवा.