फोल्डरवर कोणाला नेमके काय करता येते, हे कसे पाहावे

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत एकच कर्मचारी खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स अशा सर्व्हरवरील अनेक ग्रुपमध्ये (ज्यांना मिळून परवानग्या दिल्या जातात) असतो, त्यामुळे सर्व्हरवरील एखादी फाइल त्याला बदलता येते की केवळ वाचता येते, हे ग्रुपची यादी पाहून कळत नाही.

विंडोजमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड या क्रमाने ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’पर्यंत जावे, ‘सिलेक्ट अ यूजर’मधून नाव निवडावे आणि ‘व्ह्यू इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ दाबावे. लाल फुलीच्या ओळीत ती परवानगी कशामुळे अडली तेही दिसते, आणि खरा उपयोग त्याचाच आहे.

मात्र सर्व्हरवरच बसून तपासल्यास शेअरच्या परवानग्या (फोल्डर नेटवर्कवर खुला करताना वेगळ्या दिलेल्या) यात धरल्या जात नाहीत. नेटवर्कवरून येणाऱ्याला फोल्डरची आणि शेअरची अशा दोन्ही परवानग्यांपैकी जी अधिक कडक असेल तीच लागू होते.